सैल शिवलेला हातमोजा

गाडीच्या रंगावर ओरखडे कशाने पडतात असं विचारलं, तर लोक बाभळीच्या फांदीचं नाव घेतात, शेजारच्या पोरांचं घेतात, बाजारात खेटून उभ्या राहिलेल्या टेम्पोचं घेतात. पण निम्म्याहून जास्त ओरखडे गाडी धुतानाच पडतात. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. आपण फडकं फिरवतो तेव्हा एखादा कण त्याच्याखाली सापडतो आणि फडक्याबरोबर गोल फिरतो. एका वेळचं काही दिसत नाही. वर्षभराने गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याने जाळं विणल्यासारख्या रेघा दिसायला लागतात. पांढऱ्या गाडीवर त्या लपून जातात. काळ्या, निळ्या, गर्द तांबड्या गाडीवर लपत नाहीत.

हे मी कुणाला तोंडाने सांगितलं नसतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझं वाक्य अर्ध्यावरच तुटतं. लिहिताना तसं होत नाही. दुपारी घर रिकामं असतं, तेव्हा लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली. गाड्या धुतल्या त्याबद्दल लिहायला तेवढी पुरते.

आमचं वॉशिंग सेंटर आळेफाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून होतं. मालक संपतभाऊ. मला त्यांनी नव्वद सालानंतर कधीतरी कामावर घेतलं ते सीटकव्हरं धुवायला. वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या जीपांची कव्हरं इतकी मळकी असायची की पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा यायचा. कव्हरं वाळेपर्यंत मी रिकामी बसायची, म्हणून गाड्या पुसायला लागले आणि पुसता पुसता धुवायलाही लागले. बाई गाडी धुते हे लोकांना चमत्कारिक वाटायचं. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, ताई, तुमी राहू द्या, कुणी गडी असंल तर बोलवा. भाऊ गल्ल्यावरूनच म्हणाले, गडी हाय, पर त्यो धुतो तेव्हा चिखूल आपल्या जागी राहतो.

त्या वेळी रंगाची काळजी कुणालाच नव्हती. येणारे म्हणजे टोमॅटोचे पिकअप, कांद्याचे टेम्पो आणि बेल्ह्याच्या बाजाराहून जनावरं उतरवून आलेल्या गाड्या. त्यांना प्रेशरचं पाणी आणि कडक ब्रश एवढंच लागायचं. एक वडापवाला तर गाडीच्या मागच्या काचेशी ठेवलेली कापूस भरलेली खेळण्यातली अस्वलं आणि वाघ यांनाही प्रेशर मारायला सांगायचा. नंतर आमच्या भागात टोमॅटो, द्राक्षं चांगली पिकली आणि घरोघरी मोटारी यायला लागल्या. आधी सगळ्या पांढऱ्या, मग चमकीच्या रंगाच्या. त्या दिसायला लागल्या आणि आमच्या फडक्यांचे गुणही दिसायला लागले.

एकदा पुण्याचे एक पाहुणे काळीभोर गाडी घेऊन आले. त्यांनी डिकीतून स्वतःचा हातमोजा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, याच्याशिवाय दुसरं काही लावू नका. पांढऱ्या लोकरीचा, आत हात घालायचा मोजा होता. लोकर बोटाच्या पेराएवढी लांब आणि इतकी मऊ की हातात काही घातलंय असं वाटेना. गाडी धुऊन झाल्यावर मी ती लोकर केसांत भांग पाडतात तशी दुभंगून पाहिली. वाळूचे कण मुळाशी जाऊन बसले होते. रंगावर फिरत होती ती फक्त लोकरीची टोकं. बादलीत मोजा हलवला की कण सुटून तळाला गेले. पाहुण्यांनी मोजा पिळून पिशवीत घातला आणि घेऊन गेले. माझ्या मनात मात्र तो राहिला.

भाऊंना मी एवढंच सांगितलं की तो लोकरीचा होता. ते म्हणाले, लोकरच ना, मग आपल्याकडं काय कमी हाय. पुढच्या बाजाराला बेल्ह्याला गेले ते धनगराकडून नवीकोरी घोंगडी घेऊन आले आणि तिचे मोजे शिवायला मला बसवलं. शिवतानाच ती तळव्याला टोचत होती. मी हळूच म्हटलं, "भाऊ, टोचतंय."

"तुला टोचतंय," ते म्हणाले. "गाडीला कुठं कातडं हाय टोचायला."

पहिला मान त्यांनी स्वतःच्या गाडीला दिला. जुनी घेतलेली, पण गर्द तांबडी आणि चांगली राखलेली गाडी होती. दोन्ही हातांत घोंगडीचे मोजे घालून त्यांनी ती हौसेने धुतली. कलत्या उन्हात तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मोजे काढून बादलीत टाकले. संध्याकाळी म्हणाले, आपल्या मेंढ्या पांघरायच्या, त्यांच्या मेंढ्या गाडीच्या. ते मोजे पुढे ट्रॅक्टरच्या मडगार्डला लई दिवस चालले.

मला मात्र छंद लागला. शेजारी डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. तिथून अपघातातल्या गाडीचं एक काळं बॉनेट मागून आणलं, आमच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि हाताला येईल ते त्याच्यावर दर वेळी नव्या जागी घासून पाहायला लागले. स्पंज वाईट निघाला. त्याच्या भोकांत कण तोंडाशीच अडकतो आणि तिथूनच ओरखडतो. टॉवेल पुसायला बरा, धुवायला नाही. तान्ह्या बाळाचं फलालीनचं कापड गालाला लावलं तर लोण्यासारखं, पण बॉनेटवर त्यानेही रेघा उठल्या. तेव्हा मला उमगलं की नुसत्या मऊपणावर जायचं नसतं. कापडात धुळीला आत जायला जागा पाहिजे. फलालीनमध्ये ती जागाच नव्हती, कण वरच्या वर राहत होते.

जागा सापडली ती वडापवाल्याच्या अस्वलात. पोट फाटलं म्हणून त्याने ते आमच्याकडेच टाकून दिलं होतं. मी कापूस काढला, कातडं स्वच्छ धुतलं आणि त्याचा मोजा शिवला. केस लांब, विरळ, टोकाला मऊ. शिवण आतल्या बाजूला घेतली, कारण शिवणीचा दोराही रंगाला लागतो. बॉनेटवर फिरवला, बॉनेट वाळू दिलं, उन्हात नेऊन पाहिलं. रेघ नव्हती. त्यानंतर वडापवाले जुनी अस्वलं माझ्यासाठी राखून ठेवायला लागले. भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्याकडं वाघानं गाडी धुत्यात.

निमगाव साव्याचे तात्या माझ्या आयुष्यात आले ते याच काळात. त्यांच्या मुलाचं नाव विलास. टोमॅटोच्या एका चांगल्या हंगामानंतर त्याने गर्द निळी मोटार घेतली होती. एका रविवारी तो ती घेऊन आला. शेजारच्या सीटवर तात्या बसले होते, उंच, हाडापेराने रुंद, डोक्याला पटका. गाडी रॅम्पवर चढली तेव्हा मला डाव्या बाजूची दोन्ही दारं दिसली. वरपासून खालपर्यंत ओरबाडलेली होती. पेंटरने पॉलिश मारून बारीक रेघा घालवल्या होत्या, खोल होत्या त्या तशाच होत्या.

विलासने मला सगळं सांगितलं, तात्या बाकावर ऐकत असताना. तात्यांनी जन्मभर शर्यतीचे बैल सांभाळले. बैलगाडे पळवायच्या घाटात त्यांची जोडी पळाली की लोक आधी बैलांचं अंग बघायचे आणि मग विचारायचे कुणाचे म्हणून. शेवटची जोडी गेली आणि रिकाम्या गोठ्यात मोटार उभी राहिली. दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून तात्या पहाटे उठले. दारांवर चिखल वाळला होता. बैलांना घासायची काथ्याची घासणी त्यांनी काढली आणि बैल घासावा तशी गाडी जोर लावून घासली. ओली होती तोवर गाडी आरशासारखी दिसत होती. पाणी सगळे ओरखडे झाकतं. एक बाजू झाल्यावर त्यांनी कौतुकाने सगळ्यांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत गाडी वाळली.

"मी काय बोललो नाय त्यांना," विलास म्हणाला. "फकस्त सांगितलं, तात्या, गाडीत बसा, फिरा, कुठं म्हणाल तिथं नेतो. धुवायला हात लावू नका."

तात्या रस्त्यावरून जाणारे टेम्पो बघत होते.

मग दर रविवारी ते यायला लागले. गाडी रॅम्पवर लावून विलास पिकाची औषधं आणायला फाट्यावर जायचा आणि तात्या मागे राहायचे. पहिले काही रविवार ते बाकावर बसले. मग उभे राहिले. मग माझ्यामागे दोन हातांवर येऊन थांबायला लागले. मला कुणी पाठीमागून बघत असलं की काम सुचत नाही, पण त्यांना जा म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. एक दिवस त्यांनी विचारलं, दोन बादल्या कशाला? मी सांगितलं, एकीत साबण आणि दुसरीत नुसतं पाणी. मोजा आधी नुसत्या पाण्यात हलवायचा, धूळ तिथं सोडायची आणि मगच साबणात घालायचा. चाकांचं फडकं वेगळं. मोजा खाली पडला तर तो त्या दिवशी परत गाडीला लावायचा नाही. वरून खाली यायचं, कारण खालच्या अंगाला वाळू जास्त असते. ते मान हलवत राहिले. मध्येच म्हणाले की बैलाचंबी वरूनच धरत्यात, वशिंडापासून.

हळूहळू त्यांचं घरचं कळलं. घरात एक जर्सी गाय होती, ती सून बघायची. रान ट्रॅक्टर नांगरायचा. विहिरीवरची मोटार स्टार्टरच्या बटणावर चालायची. त्यांना कुणी उणं बोलत नव्हतं, ताट वेळेवर मिळत होतं.

"पर पहाटं डोळं उघडत्यात, बाय," ते म्हणाले. "उठून कुणाचं अंग धुवू, सांग."

त्यांना काय पाहिजे होतं ते मला त्या दिवशी समजलं. मी त्यांना मागच्या भिंतीकडे नेलं आणि काळं बॉनेट दाखवलं.

त्यांचा हात माझ्या मोज्यात जाईना, बोटंच अडकली. कसाबसा निम्मा हात घालून त्यांनी बॉनेटवर फिरवला आणि मी पाणी मारून, वाळवून पाहिलं तर रेघाच रेघा. अस्वलाच्या केसांचा मोजा असून रेघा. तात्या माझ्याकडे बघायला लागले, मी मोज्याकडे. मग परत करायला सांगितलं आणि या वेळी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. ते अंगाचं सगळं वजन हातावर टाकत होते. बैलाला तसंच लागतं, त्याला चोळून घ्यायला आवडतं. पण कितीही लांब केसांचा मोजा असला तरी एवढ्या जोराने ते केस चपटे होतात आणि आतला कण रंगाला जाऊन भिडतो. त्यांना मी म्हटलं, दाबू नका. ते म्हणाले, दाबत न्हाई. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तो त्यांचा हलका हात होता.

मी त्यांच्या मापाचा मोजा शिवायला घेतला. एका अस्वलाचं कातडं पुरेना म्हणून एका वाघाचं जोडलं आणि अंदाज चुकला, मोजा भलताच सैल झाला. पुढच्या रविवारी त्यांनी तो घातला, बॉनेटवर हात दाबला तर हात मोज्याच्या आतल्या आत पुढे सरकला आणि मोजा ओल्या रंगाला चिकटून मागे राहिला. "ह्यो तर निसटतोय," ते म्हणाले. आवळून देते म्हणून मी तो काढून घेतला आणि सहज बॉनेट वाळवून पाहिलं. रेघ नव्हती. हात निसटत होता तिथे जोर लागतच नव्हता.

मी मोजा आवळला नाही. तसाच त्यांना परत दिला.

तात्या चिडले. दर हाताला मोजा मागे राहायचा आणि ते म्हणायचे, मला येडं करतीस व्हय, आवळून दे की मनगटाला. मी फक्त पुढे बादली सरकवायची. मोज्याला बरोबर न्यायचं तर एकच उपाय होता, हात इतका हलका ठेवायचा की आतलं कापड आणि तळवा एकदमच पुढे जावेत. बरेच रविवार गेले. एकदा मी निळ्या गाडीचं चाक धुवत होते आणि मागून त्यांचा आवाज आला, म्हंजे डोळ्याकडचं हाय हे. बैलाच्या डोळ्याखाली चिपडं साचतात, ती काढताना हात कसा धरतात ते त्यांनी मला हवेत दाखवलं. मी जाऊन पाहिलं. मोजा त्यांच्या हाताबरोबर काळ्या बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

भाऊंच्या ध्यानात हे आलंच. म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या बापाला धुवायला शिकवतीस, उद्या तालुक्याला शिकव. मग आपण दोघं रॅम्पवर पत्ते खेळू." हसत म्हणाले, पण त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

आता राहिला विलास. तात्या त्याला विचारायला तयार नव्हते. मी न्हाई इचारनार, माझी गाडी हाय का, असं म्हणून ते बाकावर जाऊन बसले. म्हणजे विचारायचं माझ्यावर आलं. मी घरी भाकरी थापताना ते वाक्य जुळवत होते आणि रविवारी विलास समोर आला की परत गिळत होते. शेवटी एकदा प्रेशरचा पंप चालू असताना बोलून टाकलं, म्हणजे आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही. विलासलाही ऐकू गेलं नाही. तो कानाला हात लावून म्हणाला, काय म्हणताय ताई? मला पंप बंद करावा लागला आणि मग ते गल्ल्यावरच्या भाऊंनी, बाकावरच्या दोन टेम्पोवाल्यांनी आणि तात्यांनी सगळ्यांनीच ऐकलं.

"तात्यांना एक दार धुऊ द्या."

विलासने आधी डाव्या दारांकडे पाहिलं. मग म्हणाला की ताई, एकदा झालंय तेवढं पुरं हाय. मी म्हटलं, ते शिकलेत. तो म्हणाला, दाराला काय झालं तर? माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्यावर घ्या. भाऊंनी गल्ल्याचा ड्रॉवर ढकलून बंद केला.

"मग ते डाव्या अंगाचं दार घ्या," विलास वडिलांना म्हणाला. "तिथं आधीच वाट लागलीया."

तात्या बाकावरून उठले. "नको. तिथं काय कळंल? चांगलं दार दे."

उजव्या बाजूचं पुढचं दार ठरलं. मी आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ उतरवून दिली. तात्यांनी पटका काढून बाकावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि सैल मोजा घातला. वरच्या काठापासून सुरुवात केली, सरळ, गोल न फिरवता. थोडं झालं की नुसत्या पाण्याच्या बादलीत हात, मग साबणात, मग परत दार. टेम्पोवाल्यांपैकी एकजण म्हणाला की बाबा, असं करत गेला तर दिवाळी येईल. तात्यांनी वळूनही पाहिलं नाही. खाली वाळू जास्त म्हणून खालची पट्टी त्यांनी शेवटी घेतली.

पाणी मारल्यावर दार लखलखीत दिसलं. विलास पुढे झाला, तर तात्या म्हणाले, "थांब. वाळू दे."

पुसून घेता आलं असतं, पण कुणी फडकं उचललं नाही. आम्ही सगळे त्या दाराकडे तोंड करून उभे राहिलो. ऊन होतं, वाराही होता. पाणी आधी वरून आटलं, मग हँडलच्या खाली थोडं रेंगाळलं. तात्यांच्या हातात मोजा तसाच होता, त्याचं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. विलास उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून, रंगाच्या पातळीवर नजर लावून दाराच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघत गेला. मग दुसऱ्या बाजूने तसंच पाहिलं. बोटाने एक जागा पुसली, ते साबणाचं राहिलेलं होतं.

तो उठला. वडिलांकडे न बघताच म्हणाला, "टपावर हात पुरंल का तुमचा?"

"न्हाई पुरायचा," तात्या म्हणाले. "टप तू धू."

मी माझा मोजा हातातून काढून विलासला दिला आणि बाजूला झाले. तात्या मागच्या दाराला लागले, विलास टपाला. त्याने कधी गाडी धुतलेली नव्हती, जोर लावून घासायला लागला.

"दाबू नको, इलास," तात्या खालून म्हणाले. "हात निसता ठेव."

मी त्या दिवशी फक्त पाणी मारलं.

पुढच्या रविवारी निळी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. कुठलीही निळी गाडी रस्त्याला दिसली की मी हातातलं काम थांबवून बघायची आणि ती पुढे निघून जायची. भाऊ म्हणाले, गेलं एक गिऱ्हाईक. मी हो म्हटलं. तात्यांचा मोजा त्यांच्याबरोबर गेलाच होता, विलासच्या हातातला माझाही गेला होता. वडापवाल्याने आणून दिलेलं एक अस्वल मागे पडलं होतं. ते घेतलं आणि उसवायला बसले.